'सर्व्हर डाउन' नव्हे, भिंत आडवी आहे!

'सर्व्हर डाउन आहे, उद्या या.' तालुक्याच्या गावी कामासाठी येणाऱ्या माणसाला हे वाक्य आता पाठ झाले आहे. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डाची ई-केवायसी, बँकेतला अंगठा किंवा दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला. काम कोणतेही असो, ते इंटरनेटवर चालते. भूम किंवा परंडा तालुक्याच्या टोकाच्या गावाहून आलेल्या माणसासाठी 'उद्या या' म्हणजे एक बुडालेला रोजगार आणि जाण्यायेण्याचे भाडे. सर्व्हर खरोखरच बंद पडतात, हे मान्य. पण पुष्कळदा अडचण मुंबई-दिल्लीत नसते. ती त्याच कार्यालयात, राउटर आणि संगणक यांच्यामधल्या वीस फुटांत असते.

याचे कारण सोपे आहे. दवाखाना, पतसंस्था, सेवा केंद्र किंवा वकिलाचे कार्यालय थाटताना आपण विजेच्या फिटिंगचा आणि पाण्याच्या पाइपचा आराखडा करतो. वायफायचा मात्र करत नाही. इंटरनेट जोडणारा मुलगा दाराजवळ, जिथे त्याची तार आली तिथे राउटर ठोकतो आणि जातो. मग आतल्या खोलीत 'रेंज' येत नाही म्हणून आपण कंपनीला दोष देतो, जास्त वेगाचा प्लॅन घेतो, तरी फरक पडत नाही. बिनतारी जाळे हे विकत आणण्याचे यंत्र नाही. ते आखावे लागते. आणि ज्या कार्यालयात बहुतेक सगळे बिनतारी चालवायचे आहे, तिथे आधी चार ठिकाणी तार टाकावी लागते. हे उलटे वाटेल, म्हणून आधी विज्ञान पाहू.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. आपल्याकडचे बहुतेक राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतात. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातील साडेपाच-सहा. पहिली लहर भिंत थोडी बरी ओलांडते, पण तिथे गर्दी फार. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. मोकळ्यातही अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. त्यात भिंत आली की ती आणखी घटते. पत्रा आणि लोखंडी कपाट लहर परतवून लावतात. पाणी ती शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच 2.4 च्या आसपासच्या लहरींनी अन्नातले पाणी तापवतो. म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी कपाटावर किंवा पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेला राउटर अर्धे काम आधीच गमावून बसलेला असतो.

आता आपल्या जिल्ह्यातल्या इमारती आठवा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत किती जीव घेतले, हे सास्तूर-लोहाऱ्याच्या लोकांना सांगायला नको. त्यानंतर नवी बांधकामे सिमेंट आणि लोखंडी सळ्यांची झाली. पण जुन्या पेठांमध्ये दोन-दोन फुटी दगडी भिंती अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या आत दुकाने, दवाखाने, कार्यालये चालतात. दगडाची जाड भिंत काय किंवा सळ्यांनी भरलेला स्लॅब काय, दोन्ही वायफायला जड जातात. शहरातल्या फ्लॅटसाठी बनलेला एक राउटर अशा वास्तूला पुरेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. ग्रामसभेत एकच माइक असावा तसे. प्रत्येक यंत्र आधी ऐकते, कोणी बोलत नसेल तरच बोलते. माइक हळू बोलणाऱ्याच्या हाती गेला की सगळे ताटकळतात. कोपऱ्यातल्या खोलीत, अंधूक सिग्नलवर व्हिडिओ पाहणारा एक मोबाइल अशाच रीतीने अख्ख्या कार्यालयाला संथ करतो. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. बाजारपेठेत शेजारच्या दहा दुकानांचे राउटर त्याच तीन माइकांवर बोलत असतात. म्हणूनच शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही व्हिडिओ कॉल तुटतो. त्याला खरे तर दोन-तीन एमबीपीएसच पुरतात, पण ते अखंड लागतात.

यातून आखणीचा एकच नियम निघतो: जे हलत नाही त्याला तार, जे हलते त्याला हवा. कळंबमधला एखादा छोटा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. नोंदणीच्या टेबलावरचा संगणक, प्रयोगशाळेतला संगणक, प्रिंटर, चार कॅमेरे, डॉक्टरांचा लॅपटॉप, कर्मचाऱ्यांचे सात-आठ मोबाइल आणि बाहेर बसलेले रुग्ण. यातले संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे जागचे हलत नाहीत. त्यांना केबल द्या. कॅमेरे दिवसरात्र चित्र पाठवत असतात. ते हवेतून काढले की माइक मोकळा झाला. अंगठ्याचे यंत्रही ज्या संगणकाला जोडलेले असते, तो तारेवर असावा. मग हवा उरते ती लॅपटॉप आणि मोबाइलसाठी, आणि तेवढ्यांना ती भरपूर होते.

तारेचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे. मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर सिग्नल पोचवायला बरेच जण स्वस्तातला रिपीटर आणतात. तो त्याच माइकवरून ऐकतो आणि त्याच माइकवरून पुन्हा बोलतो. साध्या रिपीटरचा वेग त्यामुळे निम्म्यावर येतो. त्याऐवजी मागच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे छताला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा. केबलमधूनच वीज देणारा स्विच घेतला तर तिथे वेगळा प्लगही लागत नाही. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि तिचे 305 मीटरचे खोके साधारण स्वस्तातल्या मोबाइलच्या किमतीत येते. मात्र दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नये. वळवाच्या पावसात वीज पडणे मराठवाड्याला नवे नाही. जवळ पडलेल्या विजेचा झटका त्या तारेतून थेट यंत्रांत शिरतो. तिथे काचेची फायबर किंवा समोरासमोर लावलेली बिनतारी जोडणी बरी.

यंत्रे खरेदी करण्याआधी अर्धा तास चालून पाहावे. राउटर तात्पुरता मध्यावर ठेवून, मोबाइलवरच्या सिग्नल मोजणाऱ्या मोफत अ‍ॅपने प्रत्येक टेबलाजवळचा आकडा कागदावर लिहावा. हा आकडा उणे चिन्हाचा असतो. उणे 65 च्या आसपास असला तर उत्तम. उणे 75 च्याही खाली गेला तर तिथे काम रखडणार हे समजावे. हा कागद म्हणजेच तुमचा आराखडा.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आखणीत हव्यात: ऊन आणि वीज. घरगुती राउटर बहुधा 40 अंश तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेरचा पाराच त्यापुढे जातो. बंद लाकडी पेटीत किंवा पत्र्याखाली तर विचारायलाच नको. दुपारी नेट मंदावते आणि संध्याकाळी सुधारते, तेव्हा लाइनला दोष देण्याआधी राउटरला हात लावून पाहा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभराचा खंड पडला तरी राउटर पुन्हा सुरू होतो आणि चालू असलेला सल्ला तुटतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्यावर उपाय आहे, पण राउटरबरोबर फायबरच्या डबीला आणि स्विचलाही तो आधार हवा. साखळीतली एक कडी बंद तर सगळे बंद. जोडीला दुसऱ्या कंपनीचे मोबाइल डोंगल ठेवावे. मात्र नवरात्रात लाखो भाविक येतात तेव्हा तुळजापुरात टॉवरवर ताण येतो. त्या दिवसांत केवळ डोंगलवर विसंबणे धोक्याचे.

नीट आखले तर बिनतारी जाळे किती दूर जाते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत बिनतारी मार्गाने इंटरनेट पोचवले. आधी दूरदर्शनच्या रिकाम्या पट्ट्यावर प्रयोग झाले, नंतर 5 गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावर. 2017 मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा प्रकल्प अव्वल ठरला. तिथेही टोकाला फायबरच होती. हवेने फक्त तिच्या पुढचे अंतर जोडले. गावात जे मैलांच्या हिशेबाने खरे, ते कार्यालयात फुटांच्या हिशेबाने खरे आहे.

आता प्रश्न विश्वासाचा. दवाखान्यात आजाराच्या नोंदी असतात, पतसंस्थेत ठेवींच्या. तरीही वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला दिसतो आणि रुग्णाच्या नातेवाइकाचा मोबाइल व नोंदीचा संगणक एकाच जाळ्यात असतात. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क उघडण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. ती वापरायला पाच मिनिटे लागतात. राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा, बटण दाबून जोडण्याची सोय बंद करावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये, ही जबाबदारी जुनीच आहे.

'इतकी यंत्रे लावली तर किरणोत्सर्ग होत नाही का?' हा प्रश्न हमखास येतो. राउटर साधारण एक-दशांश वॅटच्या आसपास शक्तीने लहरी सोडतो आणि तो आपल्यापासून काही फुटांवर असतो. मोबाइल तर आपण कानालाच लावतो. या लहरींत रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा मर्यादित आहे, निर्णायक नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ. घाबरून सिग्नल बंद करण्यापेक्षा अ‍ॅक्सेस पॉइंट छताला लावावा. तो डोक्यापासून लांबही राहतो आणि कामही चांगले करतो.

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आणण्यावर सरकारने मोठा पैसा खर्च केला आहे. पण दारापासून टेबलापर्यंतचे अंतर कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत किंवा तलाठी कार्यालयाची नवी इमारत मंजूर करताना विजेच्या नकाशाबरोबर डेटा केबलचा नकाशाही सक्तीचा करावा. भिंती प्लास्टर होण्याआधी रिकामा पाइप टाकायला खर्च नगण्य. नंतर भिंत फोडायला तो कितीतरी पटींनी वाढतो. आणि जिल्ह्यातल्या आयटीआय, तंत्रनिकेतन आणि तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना असे मोजमाप शिकवून गावोगावच्या कार्यालयांत पाठवता येईल. त्यांना अनुभव मिळेल, कार्यालयांना आराखडा.

खासगी कार्यालयवाल्यांनी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. एक मोबाइल, एक कागद आणि अर्धा तास एवढेच सुरुवातीला लागते. पुढच्या वेळी दारात आलेल्या म्हाताऱ्याला 'सर्व्हर डाउन आहे' असे सांगण्याआधी, अडथळा नेमका कुठे आहे हे एकदा मोजून घ्यावे. त्याचा बुडालेला रोजगार सर्व्हर भरून देत नाही.