उन्हाळ्यांतील उमेदवारी

दरवर्षीं मे महिन्याच्या सुमारास आमच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयांच्या दर्शनी भिंतींवर एक नवा फलक झळकूं लागतो. अमुक विद्यार्थ्याची 'गूगल समर ऑफ कोड' या योजनेसाठीं निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याखालीं प्राचार्यांचें छायाचित्र, त्याखालीं विभागप्रमुखांचें, आणि उरल्या कोपऱ्यांत जागा राहिलीच तर विद्यार्थ्याचें. त्या मुलानें कोणतें काम पत्करलें आहे, तें कोणाच्या उपयोगी पडणार आहे, आणि काम संपल्यावर तो त्याकडे पुन्हा वळून पाहणार आहे कीं नाहीं, याचा फलकावर उल्लेख नसतो. असावा असें कोणास वाटतहि नाहीं. या उदासीनतेविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. जी गोष्ट आमच्या तरुणांस खरी विद्या देऊं शकते, तिचें आम्ही एक बिनकामाचें पदक करून टाकलें आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम वस्तुस्थिति सांगतों. गूगल कंपनीनें ही योजना २००५ सालीं काढली. पहिल्या वर्षीं तींत सुमारें ४०० विद्यार्थी होते. यशस्वी विद्यार्थ्यास ४५०० डॉलर व त्याला शिकविणाऱ्या संस्थेस ५०० डॉलर असा हिशेब होता. काम मात्र गूगलचें नसतें. ज्या प्रोग्रॅमचा मूळ कोड वाचण्यास, बदलण्यास व वांटण्यास सर्वांना मोकळीक असते, त्यास ओपन सोर्स म्हणतात. अशा प्रोग्रॅमांवर हें काम करावयाचें असतें. संस्था कामांची यादी देते, उमेदवार आपली योजना लिहून पाठवितो, संस्थेंतील जाणते लोक निवड करितात आणि मार्गदर्शक होऊन मध्यावर व अखेरीस त्याची परीक्षा घेतात. २०१७ पासून विद्यावेतन त्या त्या देशांतील स्वस्ताई-महागाई पाहून ठरूं लागलें. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटहि गेली. अठरा वर्षें पुरीं झालेल्या कोणाहि नवशिक्यास दार मोकळें झालें.

चर्चा हवेंत राहूं नये म्हणून अशा संस्थांपैकीं एकीचेंच उदाहरण घेऊं. लिब्रेऑफिसमधील 'रायटर' हा वर्ड प्रोसेसर पत्रें, अर्ज, प्रबंध व पुस्तकें लिहिण्यासाठीं जगभर वापरला जातो. त्याची वंशावळ मोठी बोधप्रद आहे. १९८५ सालीं जर्मनींतील ल्यूनेबुर्ग येथें मार्को बोएरीस नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलानें एक कंपनी काढली. तिच्या 'स्टाररायटर'पासून हा वंश सुरू झाला. १९९९ सालीं अमेरिकेंतील सन कंपनीनें तो विकत घेतला व २००० सालीं त्याचा कोड खुला केला. २०१० सालीं सन कंपनी ओरॅकलच्या हातीं गेली आणि त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं अनेक कार्यकर्त्यांनीं बाहेर पडून 'डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था काढली. धनी बदलत गेले, पण कोड खुला असल्यामुळें घर मोडलें नाहीं.

या संस्थेकडे उन्हाळी उमेदवार येऊं लागले ते २०११ पासून. त्यांनीं केलें काय? २०१९ च्या उमेदवारींतून क्यूआर कोड काढण्याची सोय झाली व ती पुढील वर्षीं ६.४ या आवृत्तींत आली. २०२० च्या उन्हाळ्यांत रायटरसाठीं 'स्टाइल इन्स्पेक्टर' तयार झाला व तो २०२१ च्या ७.१ आवृत्तींत आला. एखाद्या परिच्छेदास अमुक रूप कोणत्या नियमामुळें आलें आहे हें तो उलगडून दाखवितो. २०२३ च्या उमेदवारींतून सेटिंग्जच्या अरण्यांत शब्द टाकून हवी ती जागा शोधण्याची सोय झाली. ती २०२४ च्या २४.२ आवृत्तींत आली. हीं कामें दिसण्यांत लहान आहेत. परंतु प्रबंधाच्या शेवटच्या रात्रीं एखादा मथळा एकाएकीं बिथरला म्हणून ज्यानें कपाळ बडवून घेतलें असेल, त्याला त्यांचें मोल सांगावयास नको.

यावर पहिला आक्षेप असा येतो कीं, हा सर्व धूर्तपणा आहे. बलाढ्य कंपनी गरीब मुलांकडून स्वस्तांत वेठ करून घेते. हा आक्षेप ऐकावयास तेजस्वी आहे, पण वस्तुस्थितीपुढें टिकत नाहीं. कोड त्या त्या संस्थेच्या खुल्या परवान्याखालीं राहतो. गूगलची त्यावर मालकी लागत नाहीं. लिब्रेऑफिस तर गूगलच्या स्वतःच्या 'डॉक्स'चाच प्रतिस्पर्धी म्हणावयाचा. कंपनीस नांवलौकिक मिळतो व होतकरू माणसें नजरेखालीं येतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. निव्वळ परमार्थासाठीं थैली सोडणारी कंपनी आम्हीं अद्याप पाहिली नाहीं. पण सावकाराचा हेतु शुद्ध नव्हता म्हणून त्याच्या पैशांतून बांधलेल्या पाणपोईचें पाणी कडू होत नाहीं.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा वेष घेऊन येतो: आमच्या मुलांनीं परक्यांची चाकरी कां करावी? आमचें उत्तर असें कीं, जी वस्तु सर्वांची आहे ती परक्यांची नव्हे. बर्लिनमधील कार्यालयास जो वर्ड प्रोसेसर फुकट मिळतो, तोच साताऱ्यांतील शाळेसहि मिळतो. आणि शाळेस तो बदलण्याचा तितकाच अधिकार असतो. तो अधिकार आपण वापरीत नाहीं, यांत दोष कोणाचा?

खरा प्रश्न वेगळाच आहे. या उमेदवारींत तरुण शिकतो काय? लिब्रेऑफिसचा कोड कित्येक दशलक्ष ओळींचा आहे. त्यांतील जुन्या टिपा जर्मन भाषेंत होत्या. स्वयंसेवकांनीं कित्येक वर्षें खपून त्या इंग्रजींत आणिल्या आणि नवशिक्यांस प्रथम असलींच बारीकसारीक कामें देण्यांत आलीं. आजहि ज्यास उन्हाळ्यांतील उमेदवारी हवी आहे त्यानें आधीं असें एखादें सोपें काम करून दाखवावें, असा तेथील दंडक आहे. मग त्याचा कोड चारचौघांत मांडला जातो. कधीं न पाहिलेला मनुष्य त्यास सांगतो कीं, हें नांव संदिग्ध आहे, ही ओळ निरर्थक आहे, या बदलानें जुनीं पत्रें उघडणार नाहींत. तो सुधारून पाठवितो. तें पुन्हा परत येतें. शेवटीं जें स्वीकारलें जातें तें त्याच्या गुणपत्रिकेंत न जातां कोणा अनोळखी कारकुनाच्या टेबलावर जातें. दुसऱ्यानें उभारलेल्या अवाढव्य घरांत नम्रपणें शिरणें, तें समजून घेणें, आणि एक भिंत न पाडतां एक खिडकी बसविणें, हीच ती विद्या.

आणि आम्ही आमच्या वर्गांत काय शिकवितों? गेलीं कित्येक वर्षें शेवटच्या वर्षाचे 'प्रोजेक्ट' पाहण्याचा योग आम्हांस येत आहे. ग्रंथालयाची व्यवस्था करणारा प्रोग्रॅम, रुग्णालयाची व्यवस्था करणारा प्रोग्रॅम, वसतिगृहाची व्यवस्था करणारा प्रोग्रॅम. यांपैकीं एकानेंहि ग्रंथालय, रुग्णालय वा वसतिगृह कधीं पाहिलेलें नसतें. काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरें उमटतात, तोंडी परीक्षेच्या दिवशीं ग्रंथ उघडतो, आणि नंतर कपाटांत वाळवीच्या स्वाधीन होतो. चार वर्षांत ज्याचा कोड दुसऱ्या मनुष्यानें एकदांहि मन लावून वाचला नाहीं, अशा विद्यार्थ्यास आम्ही अभियंता म्हणून बाहेर पाठवितों. त्यांतलाच एखादा स्वतःच्या हिमतीवर दूरच्या मार्गदर्शकाकडून खरें काम शिकून आला, कीं आमचे विभागप्रमुख त्याच्या शेजारीं छायाचित्रास उभे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो दुसरा काय?

असें असतां सर्व दोष शिक्षकांचा, असें म्हणून विद्यार्थ्यांस मोकळें सोडणेंहि आम्हांस मान्य नाहीं. निवड हेंच साध्य झालें, कीं साधनाची विटंबना होते. २०२० च्या ऑक्टोबरांतील 'हॅक्टोबरफेस्ट'ची हकीकत याची साक्ष देईल. डिजिटलओशन या कंपनीच्या त्या उपक्रमांत चार सुधारणा पाठविणारास टी-शर्ट मिळे. तेवढ्या कापडासाठीं हजारों लोकांनीं कोठें एखादें विशेषण घुसड, कोठें स्वतःचें नांव जोड, असल्या 'सुधारणां'चा असा लोंढा सोडला, कीं कंपनीस ऐन महिन्यांत नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमति असेल तेवढेच मोजूं, असें जाहीर करावें लागलें. त्या प्रकारास चालना देणाऱ्या व्हिडिओंपैकीं एक आमच्याच देशांतला होता, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. लोकांनीं फुकट वेळ देऊन चालविलेल्या धर्मशाळेंत जाऊन पितळी भांडीं उचलण्याचाच हा प्रकार होय.

विद्यावेतन घेऊन नीट काम करणाऱ्यांपैकींहि पुष्कळांचा संबंध शेवटच्या हप्त्याबरोबर संपतो. अबीवर्ड या दुसऱ्या खुल्या वर्ड प्रोसेसरची स्थिति पाहा. १९९८ सालीं तो निघाला. गरीब देशांतील मुलांसाठीं काढलेल्या स्वस्त लॅपटॉपवर लेखनाचें साधन म्हणून त्याचीच योजना झाली. उन्हाळी उमेदवारहि त्याच्याकडे आले. पण २०१३ सालीं ३.० ही आवृत्ति निघाल्यानंतर त्याची चाल मंदावली. पाहुण्यांनीं घर चालत नाहीं. घर चालतें तें मागें राहणाऱ्यांमुळें.

आतां जो मुद्दा आमच्या मनास सर्वांत अधिक लागला आहे तो सांगतों. वर्ड प्रोसेसर हें लेखनाचें साधन आहे. आणि लेखन म्हटलें कीं कोणत्या तरी भाषेंत आलेंच. मराठींत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्याला' दक्षिणा द्यावयाची आणि 'आचाऱ्याला' मजुरी. हा भेद एका आडव्या रेघेवर अवलंबून आहे. ती रेघ उमटावी म्हणून युनिकोडमध्यें 'ऱ' या अक्षरास स्वतंत्र स्थान आहे. पण फाँट व प्रोग्रॅम दोघांनींहि तें जाणलें तरच ती उमटते. मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' शासनानें २००९ सालीं वर्णमालेच्या निर्णयांत नमूद केला. तरी हिंदी वळणाचीं अक्षरें आमच्या मराठी पत्रांत अजून सर्रास दिसतात. लिब्रेऑफिसमध्यें २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरें जुळविण्याचें काम सर्व संगणकांवर 'हार्फबझ' या एकाच खुल्या यंत्रणेकडे आलें. तिचें नांव फारशी आहे. अर्थ 'खुलें अक्षर'. त्यांतला 'हर्फ' म्हणजेच आमचा 'हरफ'. परक्या घरून आमच्याकडे आलेला शब्द आमच्याच अक्षरांची वाट मोकळी करून राहिला आहे, आणि आम्हांस त्याची ओळखहि नाहीं!

शुद्धलेखन तपासण्याचें पाहा. मराठी शब्द प्रत्यय लागतांच रूप पालटतो: 'पाऊस' 'पावसांत' जातो, 'विहीर' 'विहिरीवर' येते, आणि पुढें 'विहिरीवरच्यांनाहि' असा लांबतो. नुसती शब्दांची यादी येथें काय करणार? नियमच लिहावे लागतात. हीच अडचण हंगेरियन भाषेची होती. तेथील लास्लो नेमेट यांनीं आपल्या भाषेसाठीं 'हनस्पेल' हें साधन घडविलें. तें आतां लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि खुद्द गूगलचा क्रोम या सर्वांत काम करितें. हंगेरियन बोलणारे लोक सव्वा-दीड कोटींच्या आंतबाहेर. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणें आठ कोटींहून अधिक. त्यांनीं स्वतःच्या भाषेची अडचण सोडविली आणि त्यांतून जगाची सोडविली. आम्ही जगाच्या अडचणी सोडवून बायोडेटा भरतों, आणि घरचें पत्र इंग्रजींत लिहितों.

कोणी म्हणतील, मराठीच्या कामांत प्रतिष्ठा नाहीं, नोकरी देणारा तें विचारीत नाहीं. हा समज अज्ञानमूलक आहे. ज्यानें प्रत्ययांचे नियम, जोडाक्षरांची घडण आणि लक्षावधि ओळींचा परका कोड यांची सांगड घातली, त्याची परीक्षा आणखी कोणी काय घ्यावयाची? दिव्याखालचा अंधार दूर करण्यास दिवा अधिक तेजस्वीच लागतो.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. खुल्या प्रोग्रॅममध्यें स्वीकारल्या गेलेल्या कामास विद्यापीठांनीं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा दर्जा द्यावा. काळ्या बांधणीची सक्ति काढून टाकावी. महाविद्यालयांनीं अभिनंदनाचा फलक निवडीच्या दिवशीं न लावतां एक वर्षानें लावावा, आणि विद्यार्थी अजून त्या कामांत असेल तरच लावावा. शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां तरी विद्यार्थ्यांचा कोड चारचौघांत वाचावा, आणि आपलाहि वाचूं द्यावा. आणि संगणकशास्त्र व मराठी या दोन विभागांनीं एका टेबलाशीं बसून, रायटरमध्यें मराठी लिहितांना काय काय अडतें याची यादी करावी. ती यादी हीच पुढील उन्हाळ्याची कामें.

यासाठीं गूगलच्या थैलीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ती थैली उद्यां बंद झाली तरी कोड खुलाच राहणार आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं, सुटी लागल्यावर तो उघडून बसणारा मुलगा आमच्या घरांत आहे कीं नाहीं, आणि असल्यास, "यांत तुला मिळणार काय?" असें त्यास विचारणारे आम्हीच आहोंत कीं काय.