टिपऱ्यांच्या घरातला लेखक

दिलीप प्रभावळकर हे नाव उच्चारताच आपल्यापुढे चेहरे येतात: चिमणराव, 'चौकट राजा'मधला नंदू, 'हसवाफसवी'तले कृष्णराव हेरंबकर, टिपऱ्यांचे आबा, 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी. नाव ऐकून एखादे पुस्तक आठवले, असे म्हणणारा मराठीचा विद्यार्थी आम्हांला क्वचितच भेटला. मराठी विनोदाच्या परंपरेवर आपण वर्षानुवर्षे जी टिपणे वर्गात देतो, ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून निघतात, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे असे मुक्काम करीत पु. लं.पाशी पोचतात, मिरासदार आणि शंकर पाटील यांना ग्रामीण विनोदाच्या उपशीर्षकाखाली बसवतात आणि थांबतात. प्रभावळकर त्यांत नसतात. ते 'नट' या रकान्यात गेले आहेत, आणि तो रकाना आपल्या विषयाचा नाही अशी आपली समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे असे आमचे मत आहे.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. शिक्षण विज्ञानाचे, नोकरी औषधनिर्मिती कंपनीत, आणि नाटकाची उमेदवारी रत्नाकर मतकरींसारख्यांकडे. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण त्यांनी केली, तिच्या आठवणी त्या पिढीचे प्रेक्षक अजून सांगतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा मात्र सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढे काही वर्षांनी त्यावर चिं. विं.चे चिमणराव-गुंड्याभाऊ अवतरले. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. ही जोडी पडद्याला नवी नव्हती. 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या मास्टर विनायकांच्या काळातल्या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती आधीच लोकप्रिय केली होती. पण दूरदर्शनवर ती घरात आली, आणि घर हाच तर चिं. विं.च्या विनोदाचा मूळ प्रांत. पालीचा हा गाढा अभ्यासक बडोद्यात बसून पुण्याच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडातली फजिती लिहीत होता. कोटी करण्याची त्याला घाई नव्हती. स्वतःला शहाणा समजणारा एक निरुपद्रवी माणूस गंभीरपणे बोलत राहतो आणि वाचक हसतो.

अशा गद्याचे शब्द नटाला तोंडात घोळवावे लागतात. वाक्य कुठे मोडते, कोणत्या शब्दावर माणसाचा भित्रेपणा उघडा पडतो, हे समीक्षकापेक्षा त्याला आधी कळते. चिमणराव साकारणे ही प्रभावळकरांच्या लेखनाची एक शाळा होती असे आम्हांला वाटते. (आमच्याकडे एम. ए. ला चिं. वि. आजही मुख्यतः 'मध्यमवर्गीय जीवनदर्शन' या मथळ्याखाली शिकवले जातात. वाक्यांच्या लयीबद्दल प्रश्न विचारला जात नाही.)

नंतरच्या लेखनाची यादी मोठी आहे. क्रिकेटवरची 'गुगली', विडंबनांची 'हसगत', 'कागदी बाण', आधी आकाशवाणीसाठी लिहिलेला आणि मग पुस्तकांतून, चित्रपटातून वाढलेला 'बोक्या सातबंडे', 'हसवाफसवी' हे नाटक, आणि 'लोकसत्ते'तील सदरातून झालेली 'अनुदिनी'. यांतल्या 'हसवाफसवी'विषयी एकच सांगतो. लेखकाने स्वतः सहा भूमिका केल्या म्हणून ते नाटक नटाच्या करामतीचे मानले गेले. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी त्याच भूमिका करून ते रंगमंचावर आणले आणि नाटक उभे राहिले. संहितेत दम नसता तर मूळ नट गेल्यावर ती कोसळली असती.

'अनुदिनी'कडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. टिपरे कुटुंबातली माणसे आपापल्या डायऱ्या लिहितात, एवढीच तिची कल्पना. निवृत्त आजोबा, नोकरदार मुलगा, गृहिणी सून, नात आणि नातू. बाहेरचा निवेदक नाही. त्यामुळे लेखकाला विनोद 'करायला' जागाच उरत नाही. जो तो आपल्या परीने खरे लिहितो, आणि आपल्या लिहिण्यातून आपल्याला न दिसणारे आपलेच काहीतरी सांगून जातो. शेखरच्या तक्रारी, शलाकाची वयसुलभ ऐट, शिऱ्याचा घाईचा उत्साह या प्रत्येकाची भाषा वेगळी ठेवावी लागते, नाहीतर पाचही डायऱ्या एकाच माणसाच्या वाटतील. आपल्याकडच्या पुष्कळ विनोदी कथांत सगळी पात्रे लेखकाइतकीच हजरजबाबी असतात. प्रभावळकरांनी हा मोह टाळला. एकाच घराला पाच शैली देणे हे भाषेचे काम आहे, आणि भाषेचे काम म्हणजे साहित्याचेच.

नोव्हेंबर २००१ मध्ये 'अनुदिनी'ची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' झाली. तेव्हाच्या अल्फा मराठीवर केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ती सुरू झाली; आबा स्वतः प्रभावळकर, शेखर राजन भिसे, श्यामला शुभांगी गोखले, शलाका रेश्मा नाईक आणि शिऱ्या विकास कदम. इथे कुणी म्हणेल की मालिका ही एका लेखकाची निर्मिती नसते. पटकथा, संवाद, दिग्दर्शन यांत अनेकांचे हात लागतात. हे खरेच आहे. संगीत नाटकात पदांच्या चाली आणि नटांचे आलाप यांचाही वाटा असतो, तरी आपण किर्लोस्कर-देवलांना लेखक म्हणून शिकवतोच. सामूहिक कलेतून लेखकाचा वाटा शोधून काढणे हे अभ्यासकाचे काम आहे; अवघड आहे म्हणून ते सोडून देता येत नाही.

मालिका निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक भागाच्या अखेरीस गैरसमज मिटतात, आबांचा समंजस स्वर सगळ्यांवर पांघरूण घालतो. चिं. विं.चा चिमणराव शेवटपर्यंत फजीत राहतो. टिपऱ्यांना मात्र लवकर शहाणे व्हावे लागते. ही तडजोड माध्यमाची की लेखकाच्या स्वभावाची, हा एखाद्या लघुप्रबंधाचा विषय होऊ शकेल.

सोमेश्वरनगरच्या कारखाना परिसरात मराठी शिकवताना दुसरा एक आक्षेप हटकून पुढे येतो, आणि तो आम्हांला जास्त गंभीर वाटतो. मुंबईच्या फ्लॅटमधल्या पाच माणसांशी नीरेच्या काठावरच्या ऊसवाल्याच्या, तोडणी मजुराच्या पोराचे काय नाते? इंदापूर तालुका संपून नदी ओलांडली की अकलूज लागते, द. मा. मिरासदारांचे जन्मगाव, मग त्यांची भोकरवाडी सोडून टिपरे कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. मात्र वर्गात आम्ही एक पाहिले आहे. 'घरातल्या प्रत्येकाची एका दिवसाची डायरी लिहा' असे सांगितले की मुले टिपऱ्यांची नक्कल करीत नाहीत. आजी पाळीच्या पाण्याबद्दल लिहिते, बाप उसाच्या बिलाबद्दल, भाऊ मोबाईलबद्दल, आणि आईच्या डायरीत बहुतेक जण अडतात. आईची भाषा कशी असते, हे त्यांनी कधी ऐकलेले नसते. कोणत्याही व्याख्यानापेक्षा या अडण्यातून विनोदाचे शास्त्र अधिक कळते. आकृतिबंध शहरी असतो असे नाही. शहरी असतो तो तपशील.

आज 'चला हवा येऊ द्या' (२०१४) आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' (२०१८) यांनी विनोदाला प्रहसनाकडे नेले आहे. त्यांतली वाक्ये आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. ती कोणी लिहिली, असे विचारले की नटाचे नाव सांगितले जाते. पदवीच्या वर्षांत 'लेखक कोण' हाच प्रश्न सोडवीत आलेली ही मुले; दूरचित्रवाणीसमोर बसली की तो प्रश्न त्यांना पडतच नाही, कारण आपण तो कधी पाडलेला नाही.

'अनुदिनी' निदान छापलेली आहे. बाकीच्यांचे काय? दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चित्रफिती महाग असत, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. अनेक जुने कार्यक्रम असेच गेले. आताचे भाग साठवले जातात, पण लेखकाची संहिता, तिच्यातली खाडाखोड, तालमीत बदललेले संवाद, हे कोणत्या ग्रंथालयात मिळेल? नाट्यसंहितांची हस्तलिखिते जपण्यासाठी आपण आग्रह धरतो. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हयात असलेल्या मालिकालेखकांकडे जाऊन त्यांच्या संहितांच्या प्रती मागाव्यात. खर्च झेरॉक्सचा आणि एसटीच्या तिकिटाचा. पहिले पत्र प्रभावळकरांनाच लिहावे.