बिग बॉसचं घर आणि घरोघरचे मानसोपचारतज्ज्ञ

रात्रीची जेवणं आटोपली की हल्ली अनेक घरांत दोन पडदे एकदम चालू असतात. एका पडद्यावर बिग बॉसचं घर दिसतं आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर त्या घरातल्या माणसांबद्दल गप्पा रंगतात. कोण खोटं बोललं, कुणी कुणाला फितवलं, या आठवड्यात कोण बाहेर जाणार, हे सगळं चालतं. गाव तिथे चावडी असतेच, तशी ही आजची चावडी आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार त्या गप्पांतल्या काही ठराविक वाक्यांबद्दल आहे. "हा सायको आहे." "ही बायपोलर आहे, आज गोळी घ्यायची राहिली वाटतं." "डिप्रेशनचं नाटक चाललंय." "पॅनिक अटॅक म्हणे, फुटेज पाहिजे बाईंना." आणि आपलं जुनं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं वाक्य: "याला ठाण्याला पाठवा", नाहीतर "येरवड्याला भरती करा."

वाचकहो, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधा जनरल फिजिशियन आहे. पण मानसिक आजाराचा पेशंट बहुतेक वेळा सर्वांत आधी माझ्यासारख्याकडेच येतो. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, ॲसिडिटी आहे, अंगात ताकद नाही, अशा तक्रारी घेऊन येतो. म्हणून स्पष्टच सांगतो. पडद्यावर बघून माणसाच्या आजाराचं निदान करणं आणि आजाराचं नाव शिवीसारखं वापरणं हा निरुपद्रवी टाइमपास नाही. त्याची किंमत तुमच्या घरातलं कुणीतरी मोजत असतं.

तुम्ही नेमकं काय बघता?

हा प्रकार १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' या नावाने सुरू झाला. हिंदीत तो २००६ मध्ये आला, मराठीत २०१८ मध्ये. रचना सगळीकडे साधारण सारखीच. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची आणि चोवीस तास कॅमेरे लावायचे. टीव्हीवर दिवसाचा साधारण तासाभराचाच भाग दिसतो. चोवीस तासांचं थेट प्रक्षेपण असलं तरी कोणत्या वेळी कोणता कॅमेरा दाखवायचा हे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आता त्या घरातली परिस्थिती डॉक्टरच्या नजरेने बघा. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही, आपलं माणूस नाही. रेशन मोजून. दिवसा डुलकी लागली की कोंबडा आरवल्याचा आवाज येतो आणि सगळ्यांना शिक्षा होण्याची भीती. मराठीचा २०२४ मधला पाचवा सीझन ७० दिवस चालला. इतके दिवस असं राहून कुणाचं डोकं थंड राहील?

अपुऱ्या झोपेचे परिणाम वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहेत. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांतून दिसलं आहे. झोप कमी झाली की राग आवरत नाही, रडू लवकर येतं, साधं बोलणंही टोमण्यासारखं लागतं. त्यात सवयीचा चहा-कॉफी बंद झाला तर १२ ते २४ तासांत डोकं ठणकू लागतं. सिगारेट किंवा तंबाखू सुटली तर पहिल्या काही दिवसांत चिडचिड शिगेला पोहोचते. अशा अवस्थेत भांडी कुणी घासायची यावरून तुम्ही-मीसुद्धा घर डोक्यावर घेऊ. त्याला कुठल्याही आजाराचं नाव द्यायची गरज नाही.

निदान असं होत नाही

सकाळी हसला आणि संध्याकाळी ओरडला म्हणजे बायपोलर, हा समज काढून टाका. बायपोलर आजारातला उन्मादाचा काळ साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो. त्यात झोपेची गरजच कमी होते, विचार सुसाट धावतात, पैसा बेफाम खर्च होतो. नैराश्याचं निदान करायचं तर उदासपणा, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं ही लक्षणं किमान २ आठवडे जवळजवळ रोज असावी लागतात. व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणायचा तर तीच वागणूक तरुणपणापासून, वर्षानुवर्षं, घरात, नोकरीत, मित्रांत, सगळीकडे दिसावी लागते. एका कोंडलेल्या घरातल्या चार भांडणांवरून ते कळत नाही. आणि पॅनिक अटॅक म्हणजे नाटक नव्हे. त्यात काही मिनिटांत धडधड, घाम, गुदमरणं इतकं वाढतं की माणसाला आपण आता मरणार असंच वाटतं.

तज्ज्ञसुद्धा पेशंटला समोर बसवतात, नातेवाइकांशी बोलतात, जुना इतिहास विचारतात, थायरॉईड आणि बी-१२ तपासतात, चालू औषधं बघतात. मगच तोंड उघडतात. तरीही कधी कधी दोन-तीन भेटी लागतात.

न तपासता बोललं की काय होतं याचा धडा अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा मिळाला आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं की हा माणूस मानसिकदृष्ट्या अध्यक्षपदाला लायक आहे का. २,४१७ जणांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या १,१८९ जणांनी "नाही" म्हटलं. गोल्डवॉटर त्या नियतकालिकावर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने नियमच केला: ज्याला तुम्ही स्वतः तपासलं नाही आणि ज्याची परवानगी नाही, त्याच्या मानसिक आजाराबद्दल जाहीर मत द्यायचं नाही. वर्षानुवर्षं शिकलेल्या तज्ज्ञांना जे मना आहे, ते आपण सोफ्यावर बसून रोज रात्री करतो.

किंमत कोण मोजतं?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे साधारण दहातल्या एकाला. आणि वेगवेगळ्या आजारांत ७० टक्क्यांपासून ९० टक्क्यांहून जास्त लोकांना उपचारच मिळत नव्हते. डॉक्टर कमी, पैसा कमी ही कारणं आहेतच. पण लाज हेही मोठं कारण आहे.

तुमच्या दिवाणखान्यात, तुमच्या फॅमिली ग्रुपवर दहा माणसं असतील तर हा हिशोब करून बघा. तुम्ही "गोळी घ्यायची राहिली वाटतं" असं लिहून हसणारा इमोजी टाकता, तेव्हा तो वाचणाऱ्यांत कुणीतरी खरोखरच गोळी घेणारं असतं. ती तुमची सून असेल, धाकटा भाऊ असेल, बारावीतला भाचा असेल. तो काही बोलत नाही. फक्त मनाशी ठरवतो की या घरात हे कधी सांगायचं नाही.

असे पेशंट मला नेहमी भेटतात. "डॉक्टर, चिठ्ठीवर डिप्रेशन लिहू नका." "घरी विचारलं तर डोकेदुखीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगा." कुणी गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतं, कुणी बरं वाटलं की लगेच स्वतःहून बंद करतं, कारण घरात सापडल्या तर काय? औषध असं मधेच बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कधी आधीपेक्षा वाईट.

पडद्यावरचा माणूसही माणूसच

जपानमध्ये 'टेरेस हाऊस' नावाचा कार्यक्रम होता. सहा तरुण-तरुणी एका घरात राहायच्या आणि प्रेक्षक त्यांच्यावर बोलायचे. त्यात हाना किमुरा नावाची २२ वर्षांची कुस्तीपटू होती. धुण्यात तिचा कुस्तीचा पोशाख खराब झाला, ती एका सहकाऱ्यावर भडकली आणि ते दृश्य दाखवलं गेलं. त्यानंतर तिच्यावर ऑनलाइन शिव्यांचा पाऊस पडला. २३ मे २०२० रोजी तिचा आत्महत्येने मृत्यू झाला. आत्महत्येचं कारण एकच एक कधी नसतं, हे डॉक्टर म्हणून मी नेहमी सांगतो. पण त्या शिवीगाळीचा त्यात वाटा नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०२२ मध्ये जपानने अपमानाच्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. लिहिणाऱ्यांतल्या प्रत्येकाला वाटलं असणार की आपण एकच तर ओळ लिहिली.

"पण डॉक्टर..."

"ते स्वतःहून गेलेत, पैसे घेतात." बरोबर. त्यांच्या खेळावर, खोटेपणावर, उद्धटपणावर जरूर बोला. पैसे त्यांनी खेळण्याचे घेतले आहेत, त्यांच्या मेंदूचा पंचनामा करून घ्यायचे नाहीत.

"आम्ही गमतीत म्हणतो." मग कॅन्सरवर अशी गंमत का करत नाही? "याची केमो चुकली वाटतं" असं तुम्ही कुणाला म्हणाल का? जीभ तिथे अडखळते, तशी इथेही अडखळायला हवी.

"यामुळे निदान या विषयावर बोललं तरी जातं." आजाराचं नाव शिवी म्हणून सगळ्यांच्या तोंडी झालं, तर ज्याला तो आजार आहे तो आणखी गप्प बसतो.

मग काय कराल?

वागण्याला वागण्याचं नाव द्या. "तो खोटं बोलला", "ती उद्धटपणे वागली", "त्याने आवाज चढवला" असं म्हणा. मराठीत त्यासाठी शब्दांची कमी नाही, आजारांची नावं उसनी घ्यायला नकोत.

पडद्यावर कुणी रडत असेल, थरथरत असेल तर "नाटक" म्हणण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघा. मुलं बसली असतील तर ती त्याच क्षणी शिकत असतात की आपल्याला असं झालं तर या घरात आपल्याला काय ऐकावं लागेल.

आणि निदानाचा इतका उत्साह असेल तर नजर पडद्यावरून घरात वळवा. कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प आहे का, जेवण कमी झालंय का, रात्र रात्र जागं असतं का, "माझा काही उपयोग नाही" असं बोलतं का? त्याच्यावर शिक्का मारू नका. जवळ बसून "बरं वाटत नाहीये का?" एवढंच विचारा, ऐका आणि फॅमिली डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

बिग बॉस खुशाल बघा. रात्री वेळेवर झोपता आलं तर आणखी उत्तम. फक्त पुढच्या वेळी "याला ठाण्याला पाठवा" असं टाइप करायला बोट जाईल तेव्हा लक्षात ठेवा, ठाण्याच्या त्या रुग्णालयातही लोक बरं होण्यासाठीच जातात, आणि तिथे वेळेवर पोहोचू न शकलेले त्यांच्याहून कितीतरी जास्त आहेत.