नवीन रोल आणि मामीची भिंत

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय आणि टाळतोय. कारण साधं आहे. माझी निम्मी मामेभावंडं हे वाचतात, आणि "अरे, आजोळच्या फोटोंचं काय झालं?" या त्यांच्या प्रश्नाला मी इतके दिवस "रोल अजून धुवायला टाकायचाय" असं धडधडीत खोटं सांगत आलोय. रोल केव्हाच धुऊन आला होता. आज सगळं सांगून टाकतो, आणि त्यातून माझं जे मत झालंय तेही.

डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या हार्मन कंपनीने 'फिनिक्स २००' नावाचा रंगीत रोल आणला. इल्फर्डचे कृष्णधवल रोल बनवणारी ती हीच कंपनी. रंगीत रोल पूर्णपणे आपल्याच कारखान्यात बनवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. ज्या काळात एकेक रोल बंद होत गेले (कोडॅक्रोम २००९ साली गेला, तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं), त्या काळात कुणीतरी नवा रंगीत रोल बनवतंय म्हटल्यावर मी हरखलोच. दोन रोल मागवले.

मे २०२४. आजोळचं घर विकायचं ठरलं होतं आणि सगळे शेवटचे एकदा जमणार होतो. मी माझा जुना पेंटॅक्स के-१००० घेतला, त्यात फिनिक्स भरला आणि निघालो. नेहमीचा, हातातला रोल बरोबर घेतलाच नाही. म्हटलं, शेवटचे फोटो जरा खास येऊ देत!

लहानपणी आमच्याकडे एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचे. रोल घट्ट भरून ३६चे ३८ फोटो काढणारे काका मोठे हुशार समजले जायचे. त्या काळातल्या कुणीही माझ्यासारखा मूर्खपणा केला नसता.

आता चूक काय झाली ते सांगतो. नेहमीच्या रंगीत निगेटिव्हला एखादा स्टॉप प्रकाश जास्त मिळाला तरी ती चालवून घेते. माझ्या हाताला तीच सवय. पडवीतल्या सावलीवर मीटर धरला आणि वर थोडा प्रकाश सढळ हाताने दिला. फिनिक्सचा कॉन्ट्रास्ट जोरदार, त्याला इतकी मोकळीक चालत नाही. कोकणातलं मे महिन्याचं ऊन, आणि मागे पांढरं फटफटीत अंगण. ते अंगण पार उडालं. रोल कसा वागतो हे कंपनीने आधीच सांगितलं होतं. वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते.

दुसरी गंमत रंगांची. नेहमीची रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते ना, तो नारिंगीपणा उगाच नसतो. निगेटिव्हमधली रंगद्रव्यं अगदी शुद्ध नसतात. किरमिजी द्रव्याने फक्त हिरवा प्रकाश अडवावा, पण ते थोडा निळाही अडवतं. ही गळती भरून काढायला फिल्ममध्येच नारिंगी छटेचा मास्क ठेवलेला असतो. फिनिक्समध्ये तो नाही. लॅबमधल्या स्कॅनरची नेहमीची सेटिंग्ज मात्र नारिंगी गृहीत धरूनच बसलेली असतात. ज्या लॅबला मी रोल दिला त्यांना मी काहीही सांगितलं नव्हतं. सी-४१चा रोल, नेहमीसारखा धुवा, एवढंच. मग जे रंग आले ते आले.

शिवाय झगझगीत उजेडाभोवती तांबडी प्रभावळ. प्रकाश फिल्मच्या थरांतून आरपार जातो, तळावरून परावर्तित होऊन मागे येतो, आणि तळाशी सगळ्यात जवळ असतो तांबड्या प्रकाशाचा थर. ही परतफेड पुरेशी अडवली नाही की खिडकीच्या गजांभोवती तांबडं उमटतं.

नंतर मी निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने पुन्हा टिपल्या आणि रंग हाताने बसवले. ३६ पैकी ११ फोटो हाती लागले. त्यातला एक, मामी मागच्या दारात उभी आहे तो, मी माझ्या दोन फोटोवेड्या मित्रांना दाखवला. दोघंही खूश. "काय मूड आलाय! डिजिटलमध्ये असं येणारच नाही."

मीही खूश झालो. मोठा प्रिंट काढून मामीला नेऊन दिला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे रे. पण आपली भिंत अशी पिवळी कधी नव्हती. यांनी दर दिवाळीला हातानं निळी काढलेली."

झालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय. चुकलेल्या रंगाला 'मूड' म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणाऱ्याने ती भिंत पाहिलेली नसते. ज्याने पाहिली, त्याच्यासाठी तो चुकलेला रंगच असतो. मामाने दरवर्षी लावलेला निळा रंग माझ्या हौसेपायी गेला, आणि आता ती भिंतही नाही.

मग नवा रोल घेऊच नये का? घ्यावा, जरूर घ्यावा. फिल्म बनवणं ही पुस्तक वाचून जमणारी विद्या नाही. आपल्याकडे उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन झाली होती, 'इंदू' नावाने फिल्म निघायची. तो कारखाना बंद पडला आणि ते कसबही गेलं. कुणी नव्याने शिकत असेल तर त्याचा पहिला, कच्चा माल कुणीतरी विकत घ्यावाच लागतो. जुलै २०२५ मध्ये हार्मनने फिनिक्सची दुसरी, सुधारलेली आवृत्ती आणली. पहिला रोल कुणी घेतलाच नसता तर दुसरा आला असता का? माझे पैसे वाया गेले असं मला मुळीच वाटत नाही.

फक्त नव्या रोलची परीक्षा पाहायची तर मंडईत पाहा, बसस्टॉपवर पाहा, गच्चीतल्या कुंड्यांवर पाहा. वहीत एक्स्पोजर लिहून ठेवा. लॅबवाल्याला आधी सांगा. एकच फोटो कमी-जास्त प्रकाशात तीनदा काढा. आणि परत कधीच येणार नाही असा दिवस असेल, तर हातातला, सवयीचा रोल भरा. मोबाइलने काढलात तरी कुणी हसणार नाही.

असो. मामेभावंडांनो, ११ फोटो या रविवारी पाठवतो. एक विनंती आहे. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणी मोबाइलवर मागच्या भिंतीचा फोटो काढला असेल, कसाही, हललेला असला तरी, तो मला पाठवा. तो निळा नेमका कसा होता, ते पाहून मामीचा फोटो पुन्हा एकदा करायचाय.