दोन कनेक्शनं, एकच डक्ट

आमच्या पिंपळे सौदागरमध्ये दर दुसऱ्या फ्लॅटला एक आयटीवाला राहतो. सकाळी ही सगळी मंडळी जगताप डेअरी चौकातून वाकडमार्गे हिंजवडी गाठतात आणि दिवसभर परदेशातल्या बँकांसाठी असं नेटवर्क बांधतात, की एक स्विच जळला तरी तिकडच्या ग्राहकाला पत्ता लागू नये. संध्याकाळी परत येतात ते मात्र अशा सोसायटीत, जिथे सगळा कारभार वॉचमनच्या केबिनमधल्या एका धुळकट स्विचवर लटकलेला असतो. मीही त्यातलाच, म्हणून जास्त राग येतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे तो कारभार आडवा झाला. क्लब हाऊसमध्ये झाडताना एकाला लोंबकळणारी केबल दिसली. त्या बिचाऱ्याने नीटनेटकं दिसावं म्हणून ती शेजारच्या रिकाम्या भोकात खोचली. आता दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. झालं! कॅमेरे गेले, गेटचा बॅरियर गेला, इंटरकॉम गेला. नेमक्या त्याच वेळी सी विंगमधल्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. लिफ्टमधला फोनही ह्याच नेटवर्कवर. वीस मिनिटं बटण दाबत होत्या. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाने दारावरच्या थापा ऐकल्या.

दोष झाडणाऱ्याचा नाही. इथरनेटमध्ये ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक. आयपीच्या पॅकेटला निदान मोजून आयुष्य असतं, प्रत्येक राउटरवर ते एकेक करून कमी होतं. इथरनेटच्या फ्रेमला तसलं काही नाही. वर्तुळ सापडलं की ती फिरतच राहते, दर फेरीत तिच्या नकला निघतात, आणि काही सेकंदांत सगळं तुंबतं. आमचे सगळे स्विच एकाला एक जोडलेले, मध्ये भिंत कुठेच नाही. त्यामुळे क्लब हाऊसची चूक थेट लिफ्टपर्यंत पोचली.

यावर कमिटीने काय ठरवावं? दुसऱ्या कंपनीचं आणखी एक कनेक्शन घ्यायचं! "रिडंडन्सी," एक जण म्हणाले (हे स्वतः डेटा सेंटरवाले आहेत). टाळ्याही पडल्या.

अहो, पण रोग घरातला आणि तुम्ही पाहुणा बदलताय! बिघाड आतल्या नेटवर्कमध्ये होता. बाहेरून दहा लायनी आणल्या असत्या तरी आजी लिफ्टमध्येच राहिल्या असत्या. शिवाय दुसऱ्या कंपनीची फायबर येणार कुठून? त्याच गेटजवळच्या चेंबरमधून, त्याच डक्टने वर. जेसीबी काही कंपनीचं नाव वाचून खोदत नाही. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. मालक वेगळे, वाट जवळपास एकच. भारताची साधारण निम्मी क्षमता एका दिवसात गेली. रोज सकाळी वाकडच्या चौकात अडकणाऱ्यांना हे वेगळं समजवायला लागू नये.

आणि नुसती जास्तीची वायर टाकणं धोक्याचंही असतं, कारण दुसरी वाट म्हणजेच वर्तुळ. यासाठीच रेडिया पर्लमनबाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री काढला: वायर असू दे, पण एक बंद ठेव, पहिली तुटली तरच उघड. तोही रामबाण नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस हॉस्पिटलचं असंच बिनभिंतीचं, वाढत वाढत गेलेलं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या आवाक्याबाहेर गेलं आणि कोसळलं. सुमारे चार दिवस तिथे कागदावर काम चाललं.

म्हणून जुनी, कंटाळवाणी रचनाच मला प्यारी आहे. प्रत्येक विंगचा आपला स्विच, ते सगळे मधल्या एका जोडीला जोडलेले. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन वेगळा, क्लब हाऊसच्या वायफायचा वेगळा, लिफ्टच्या फोनचा तर वेगळाच. सगळ्या स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू, आणि टोकाच्या प्रत्येक पोर्टवर लूप दिसला की ते पोर्ट आपोआप बंद. मग क्लब हाऊसमध्ये कोणी काहीही खोचलं तर क्लब हाऊसचं एक पोर्ट जाईल, बस. दुसरं कनेक्शन घ्याच, पण ते मागच्या गेटने आणा.

"इतकं सांभाळणार कोण?" हा प्रश्न रास्त आहे. बारा फ्लॅटची बिल्डिंग असेल तर एकच स्विच बरोबर, उगाच शहाणपणा करू नये. पण आमच्या चार विंग आहेत, आणि वर्षातून दोन शनिवार द्यायला तयार असलेले नेटवर्कवाले माझ्या माहितीत किमान तिघे आहेत, मी धरून. खर्च म्हणाल तर आमच्या गणपतीच्या लायटिंगपेक्षा कमीच येईल.

पुढच्या रविवारी मीटिंग आहे. अजेंडा काल लिफ्टमध्येच चिकटवलाय. विषय पहिला, नवीन कनेक्शनचं कोटेशन मंजूर करणे. लिफ्टच्या फोनबद्दल विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "तो ऐनवेळच्या विषयांत घेऊ."