शाळेच्या पालकसभेला कोण जाणार?



मृगाचा पाऊस लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन कामे एकदम अंगावर येतात. एक पेरणी आणि दुसरे शाळा. विदर्भातील उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमका त्याच दिवसांत वावराला वाफसा आलेला असतो. अशा वेळी मुख्याध्यापकांनी सकाळी अकरा वाजता पालकसभा बोलावली, तर तिफण सोडून कोण येणार? पारावरची चार रिकामी माणसे येतात, गावातला एखादा पुढारी येतो, आणि तासाभरात शाळा व्यवस्थापन समिती 'एकमताने' निवडून मोकळी होते. नंतर रजिस्टर घरोघर फिरते. आपणही सरकीचे बोट पुसून सही करतो आणि विसरून जातो.

या स्तंभात एरवी बियाणे, खते आणि किडी यांचा विषय असतो. आज मुद्दाम शाळेविषयी लिहीत आहे, कारण ही निवड दोन वर्षांतून एकदाच होते. दोन वर्षांत पहिलीतले पोर तिसरीत जाते. तेवढ्या काळात त्याचे वाचन कच्चे राहिले तर ते पुढे भरून काढणे फार जड जाते. उशिरा पेरलेले पीक निदान पुढच्या हंगामी वेळेवर पेरता येते. मुलाची पहिली-दुसरी पुन्हा येत नाही.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने ही समिती आली. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत ती असावी लागते. विनाअनुदानित खासगी शाळांना ती लागू नाही. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतात. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली गावातली व्यक्ती येते.

हिशेब सोपा आहे. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक हवेत आणि बारांत सहा बायका हव्यात. तुमच्या शाळेच्या भिंतीवर समितीच्या नावांचा फलक असतो. उद्या शाळेवरून जाताना तो वाचा आणि बोटांवर मोजा. ज्यांचे एकही मूल त्या शाळेत शिकत नाही, अशी किती नावे पालकांच्या जागेवर आहेत, हेही पाहा.

गावची शाळा गावाच्या हाती असावी, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि तेथे १९४८ पासून जनपद सभांकडे स्थानिक कारभार होता. जुन्या मुंबई राज्यात प्राथमिक शाळांसाठी जिल्हा स्कूल बोर्डे होती. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. ते त्या वेळी महसूलमंत्री होते. समितीचा अहवाल १९६१ साली आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. गावोगावच्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या, त्या अशा. नाईकसाहेबांचा जन्मदिवस १ जुलै आपण कृषी दिन म्हणून साजरा करतो. त्याच सुमारास शाळेची घंटा वाजू लागलेली असते. त्या दिवशी वावरात झाड लावावेच, पण शाळेतही एक चक्कर टाकावी.

जिल्ह्याचा कारभार मुंबईहून यवतमाळला आला, ही पहिली पायरी होती. २०१० नंतर तो शाळेच्या पायरीपर्यंत आला. आता पुढचे आपल्या हाती आहे.

अमेरिकेत शाळांसाठी वेगळी मंडळे असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची रीतसर निवडणूक होते. शहरांच्या कडेला वसलेल्या वस्त्यांत ही निवडणूक मोठी चुरशीची होऊ शकते, कारण घरा-जमिनीवरच्या कराचा मोठा वाटा शाळेकडे जातो. म्हणून ज्यांना मूल नाही तेही मत देतात. तरीसुद्धा ही निवडणूक वेगळ्या दिवशी ठेवली की मतदान पुष्कळदा थोडेच होते. म्हणजे शाळेच्या निवडणुकीला पाठ फिरवणे ही केवळ आपल्या गावाची खोड नाही. आपल्याकडे तर मतदार फक्त पालक आहेत. पन्नास-साठ घरांचा हा मामला. एकेका घराच्या गैरहजेरीने निकाल फिरतो.

आता निवड कशी करावी ते सांगतो. गुढीपाडव्याला सालदार ठेवताना आपण काय काय पाहतो! माणूस कामसू आहे का, जनावराला मारतो का, शब्दाचा पक्का आहे का, याची दहा ठिकाणी चौकशी करतो. सोयाबीन पेरण्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून सत्तर तरी उगवतात का ते पाहतो. मग पोराच्या शाळेचा कारभार पाहणारी माणसे बघितल्यावाचून कशी निवडायची?

पहिली गोष्ट वेळेची. मुख्याध्यापकांना आधीच भेटून सांगा की सभा संध्याकाळी, दिवेलागणीनंतर ठेवावी, किंवा बाजाराच्या दिवशी, जेव्हा मजुरी बंद असते. सूचना फलकावर लावून भागत नाही. दवंडी द्यावी, मोबाइलवर निरोप पाठवावा आणि मुलांच्या हाती चिठ्ठी द्यावी. तांड्यावर आणि पोडावर माणूस पाठवावा.

दुसरी गोष्ट, सभेत इयत्तेवार बसा. पहिलीच्या पालकांनी आपल्यातून नाव सुचवावे, दुसरीच्यांनी आपल्यातून. म्हणजे सगळी नावे एकाच आळीची होत नाहीत आणि लहान मुलांचे पालक मागे पडत नाहीत. दोन नावे आली तर हात वर करून मोजा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. बिनविरोध निवड चांगलीच, पण ती सगळ्यांना विचारून झालेली हवी, कोणी आलेच नाही म्हणून झालेली नको.

तिसरी गोष्ट, उमेदवाराला विचारा: तुझे पोर कितवीत आहे? त्याचे पुस्तक तू शेवटचे कधी उघडून पाहिलेस? महिन्यातून एक संध्याकाळ देशील का? अंगठेबहाद्दर असला तरी चालेल, पण ज्याचा जीव शाळेत आहे असा माणूस हवा. हिशेब वाचून घेता येतो, कळकळ उसनी मिळत नाही.

चौथी गोष्ट ग्रामपंचायतीच्या राजकारणाची. सरपंचकीच्या निवडणुकीतले दोन गट शाळेत येऊन पुन्हा एकमेकांचे उट्टे काढतात, असे पुष्कळ गावी होते. एका गटाचा अध्यक्ष झाला की दुसरा गट सभेलाच येत नाही. भांडण मोठ्यांचे आणि गळते छप्पर पोरांच्या डोक्यावर. तेवढे एक आवार गटातटाबाहेर ठेवा.

आता बहिणींसाठी दोन शब्द. कायद्याने तुम्हाला निम्म्या जागा दिल्या, पण पुष्कळ ठिकाणी नाव बाईचे आणि खुर्चीवर तिचा नवरा असे दिसते. भाऊहो, हे बरे नव्हे. पोर कधी उपाशी जाते, पोटात दुखते असे सांगून कोणत्या दिवशी शाळा टाळते, मुलगी मोठी होऊ लागली की शाळेत जायला का कचरते, हे आईला ठाऊक असते. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले आहे. त्याला दार आहे का, कडी आहे का, पाणी आहे का, हे बाईच विचारील. पुरुषाच्या ते ध्यानातही येणार नाही.

तसेच कोलाम, गोंड आणि बंजारा पालकांचे. पोडावरचे लेकरू घरी कोलामी बोलते, तांड्यावरचे गोरमाटी. पहिलीत त्याला मास्तरांची मराठी कळत नाही आणि आपण म्हणतो पोर मठ्ठ आहे. त्या समाजाचा एक जरी पालक समितीत बसला तरी ही गोष्ट पहिल्याच बैठकीत मास्तरांच्या कानी जाईल.

समिती निवडली म्हणजे काम संपले नाही. पेरले आणि उलंगवाडीलाच वावरात गेले, असे कोणी करते का? महिन्यातून एक बैठक नियमातच आहे. तीत काय पाहावे?

जुलै-ऑगस्टमध्ये पट आणि शिक्षक मोजा. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि नव्वदपर्यंत तीन, असे प्रमाण कायद्यात आहे. कमी असतील तर ठराव करून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी पाठवा आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

दुपारच्या जेवणाकडे लक्ष द्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, आणि त्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. वरणात डाळ किती हे पाहायला यंत्र लागत नाही. आयांनी पाळीपाळीने जाऊन चव घ्यावी.

दसरा-दिवाळीनंतर हजेरीपट उघडा. कापसाचा वेचा सुरू झाला की वर्ग रिकामे होतात. पुसद, उमरखेड, महागावकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला कुटुंबे निघतात आणि पोरे बरोबर जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारच्या योजनेत आहे. ते समितीच्या मार्फतच चालते. मात्र मागणी माणसे निघण्यापूर्वी गेली पाहिजे. गाडी सुटल्यावर ठराव करून काय उपयोग?

डिसेंबरपर्यंत शाळेचा विकास आराखडा तयार करा. तो करणे हे समितीचे कायदेशीर काम आहे. पाणी, कुंपण, छप्पर, वाचनालय यांतले आधी काय आणि मग काय, हे त्यात लिहायचे. समग्र शिक्षा योजनेतून पटाप्रमाणे शाळेला वार्षिक अनुदानाची तरतूद आहे आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. पैसा किती आला, कशावर गेला, याचा हिशेब बैठकीत वाचून दाखवायला सांगा. अध्यक्षाची सही लागते. कोऱ्या धनादेशावर सही करणारा अध्यक्ष मात्र शाळेच्या काही कामाचा नाही.

एक पथ्य सांभाळा. समिती म्हणजे मास्तरांवर बसवलेला पहारा नव्हे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज शिक्षकांना बाहेरची कामे देऊ नयेत असे कायदा म्हणतो. तरी कागदपत्रांचे ओझे त्यांच्यावर आहेच. चांगल्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. जो येतच नाही त्याला मात्र आधी समोर बसवून विचारा. गावभर बदनामी करत फिरू नका.

हे सारे आजच का सांगतो? २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारने पुढे आणला होता. आपल्या जिल्ह्यात डोंगरकपारीची पोडे, तांडे आणि लहान गावे पुष्कळ आहेत. तिथली शाळा गेली तर पावसाळ्यात नाला ओलांडून सहा-सात वर्षांचे लेकरू दुसऱ्या गावी कसे जाणार? मुलगी तर घरीच बसेल. शाळा टिकते ती पटाने, आणि पट टिकतो तो शिकवण्यावरच्या विश्वासाने. तो विश्वास राखायचा तर गावाने शाळेत येत-जात राहिले पाहिजे. जिथे पालक येतात तिथे पोरे येतात.

म्हणून यंदा सभेची चिठ्ठी आली की जोडप्याने जा. तिफण एक संध्याकाळ उभी राहिली तर बिघडत नाही. जाताना शेजाऱ्यालाही हाक मारा.

पुढील अंकात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कधी व कसे लावावेत, ते पाहू.