मुलांचे ‘उद्योग’

आपल्या घरांतून ‘उद्योग’ या शब्दाचे दोन भाव आहेत. व्याख्यानांत तो गौरवाचा असतो; पण घरांतील मूल आपल्या बुद्धीनें कांहीं खटपट करूं लागलें, कीं “हे काय नसते उद्योग मांडले आहेस?” असें आपण डोळे वटारून विचारतों. वस्तुतः ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘युज्’ हा धातु, म्हणजे जुंपणें, यांपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. महाभारताच्या पांचव्या पर्वाचें नांवच उद्योगपर्व. कारण त्यांत पुढील कार्याची सिद्धता आहे. अशा शब्दाची आपण शिवी करून ठेवावी, हें नवलच म्हणावयाचें.

विद्यार्थ्यांच्या अंगीं उद्योजकवृत्ति बाणवावी, अशी चर्चा हल्लीं फार ऐकूं येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तरावांचून सुतार, कुंभार, माळी अशांच्या हाताखालीं शिकावें असें सुचविलें आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ पासून नववी ते बारावीपर्यंत याच विषयाचा निराळा तास सुरू झाला, व २०२१ मध्यें अकरावी-बारावीच्या मुलांस व्यवसाय करून पाहण्यासाठीं प्रत्येकीं २,००० रुपये भांडवल देण्याचा उपक्रम झाला. उपक्रमाचें इंग्रजी नांव आम्हांस भडक वाटलें. पण त्यांतील मर्म पटलें. पुस्तकांतील दोन हजार आणि स्वतःच्या मुठींतील दोन हजार यांत फार अंतर असतें.

आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृताबरोबर अंकगणितही शिकविलें. नफा-तोट्याचीं उदाहरणें किती घातलीं असतील, त्याची गणती नाहीं. त्या सर्व उदाहरणांत माल हटकून खपतो आणि गिऱ्हाईक हटकून रोख पैसे देतें! उधारी राहिली, माल पडून राहिला, पावसानें भिजला, असें एकही उदाहरण आम्हीं फळ्यावर लिहिल्याचें स्मरत नाहीं. उलट आमच्या वर्गांत एकदां असें उदाहरण चालून आलें, तेव्हां आम्हींच तें पुसून टाकलें. आठवींतील एक मुलगा घाऊक बाजारांतून डझनावारी पेनें आणून वर्गांत किरकोळ भावानें विकीत असे. “ही पाठशाळा आहे, पेठ नव्हे,” असें म्हणून आम्हीं तीं जप्त केलीं व त्यास तासभर बाकावर उभें केलें. तीं पेनें त्यानें कोणाचे पैसे उसने घेऊन आणलीं होतीं, हें विचारावयाचें आम्हांस सुचलें नाहीं. वर्ष संपतांच त्यानें शाळा सोडली. त्याचें कारण तेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती गोष्ट अद्याप टोंचते.

आणि ज्यांचें नांव आम्ही प्रत्येक बक्षीस-समारंभांत घेत आलों, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर तरी कोण होते? शिक्षकच! रंगांतील भेद नीट दिसत नाहीं म्हणून चित्रकला सुटली, तेव्हां ते यांत्रिक रेखाटन शिकले व मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तेंच शिकवूं लागले. पुढें बेळगांवीं भावाबरोबर सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचीं यंत्रें, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. तेव्हां पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. १९१० मध्यें औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें, तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण मुलांस त्या वाडीची गोष्ट सांगतों; न खपलेल्या नांगरांच्या दोन वर्षांवरून मात्र घाईनें पुढें जातों. शिकण्यासारखें जें आहे, तें त्या दोन वर्षांत आहे.

आतां आमच्याच घरची हकीकत. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू यंदा अकरावींत आहे. त्यानें दिवाळीपूर्वी आजीकडून २,४०० रुपये उसने घेऊन ३० आकाशकंदील केले. प्रत्येकीं खर्च ८० रुपये, विक्री १५० रुपये. घरांत लगेच दोन पक्ष पडले. “क्लासची फी भरली आहे, ती कंदील करण्यासाठीं नव्हे,” असें त्याची काकू म्हणाली; “करूं दे ग, हात तरी चालतात,” असें त्याची आजी म्हणाली. आम्ही वडीलकीच्या नात्यानें तटस्थ राहिलों, म्हणजे भित्रेपणानें.

दिवाळी सरली तेव्हां २२ कंदील गेले होते व ८ माळ्यावर होते. बाजारभावानें पाहतां गोष्ट वाईट नव्हती. पण रोख जमली ती १३ कंदिलांचीच, १,९५० रुपये. म्हणजे आजीचें देणें फेडावयास ४५० कमीच! बाकीचे ९ कंदील आप्तांनीं नेले, आणि “घरच्या पोराला कसले पैसे द्यायचे” असें हंसून म्हणून पाठ फिरविली. त्यांपैकीं २ आमच्याच दारावर झुलत होते.

तुळशीच्या लग्नादिवशीं तो वही घेऊन आमच्यापुढें आला. “आजोबा, तुमचे तीनशे रुपये राहिलेत,” असें खालीं मान घालून पण स्पष्ट म्हणाला. काकू आंतून ओरडली, “अरे, मोठ्यांशीं कसा बोलतोस!” आम्हांसही क्षणभर राग आला, हें लपवीत नाहीं. नंतर बाकावर उभा केलेला तो मुलगा आठवला. उठून पैसे आणले. त्यानें ते मोजून घेतले, वहींत लिहिले आणि रीतसर पावती दिली.

राहिलेल्या ७ कंदिलांचे १,०५० रुपये त्यास अद्याप येणें आहेत. ते सर्व ऋणको हें मासिक नियमानें वाचतात.